बाह्यवर्ग प्रकल्प नोंदी : भरतीच्या धावेपासून गोळीबार मैदानापर्यंत

६ जानेवारी २०२५

विदर्भातील या पोलीस प्रशिक्षण केंद्रात नवप्रविष्ट पोलीस शिपायांच्या बाह्यवर्गाची, म्हणजे मैदानी प्रशिक्षणाची, फेरमांडणी करण्याच्या प्रकल्पाला आज प्राचार्यांची लेखी मान्यता मिळाली. सध्या पहाटेची पीटी एका निर्देशकाकडे, कवायत दुसऱ्याकडे आणि शस्त्र व डावपेच तिसऱ्याकडे आहेत. तिघेही आपापल्या कामात निष्णात असले, तरी या तिन्ही तासिकांचा भार शेवटी एकाच शरीरावर पडतो आणि त्या एकूण भाराचा हिशेब कोणत्याही एका वहीत सापडत नाही. तो हिशेब एकत्र ठेवणे हे या प्रकल्पाचे पहिले काम आहे. दुसरे काम अधिक अवघड आहे. धावून दमलेल्या शिपायाची नजर, हात आणि निर्णय शाबूत राहतात की नाही हे तपासणे, आणि ते राहावेत यासाठी तंदुरुस्ती व डावपेच यांना टप्प्याटप्प्याने एकत्र आणणे, असे त्याचे स्वरूप राहील.

मी क्रीडाशास्त्राच्या बाजूने येतो, त्यामुळे कवायत किंवा शस्त्र शिकवण्याचा अधिकार माझा नाही. आराखडा तिन्ही निर्देशकांनी मिळून लिहायचा आणि मी मोजमाप व भारनियोजन सांभाळायचे, असे ठरले.

९ जानेवारी

भरतीची मैदानी चाचणी नेमके काय तपासते, याची निर्देशकांबरोबर उजळणी केली. महाराष्ट्रात शिपाई पदासाठी पुरुषांना १६०० मीटर धाव २० गुणांसाठी, १०० मीटर धाव १५ गुणांसाठी आणि ७.२६० किलोची गोळाफेक १५ गुणांसाठी असते. महिलांना १६०० ऐवजी ८०० मीटर धावायचे असते आणि गोळा ४ किलोचा असतो. राज्य राखीव पोलीस बलाच्या उमेदवारांना ५ किलोमीटर धावावे लागते. आमच्याकडे आलेल्या मुलामुलींनी दोन-तीन वर्षे गावच्या रस्त्यावर आणि तालुक्याच्या क्रीडांगणावर याच तीन गोष्टींचा सराव केलेला आहे, आणि त्यांच्या जिद्दीबद्दल माझ्या मनात आदर आहे.

परंतु या चाचणीत उमेदवार हलक्या कपड्यांत, मोकळ्या हातांनी आणि ठरलेल्या रेषेपर्यंत धावतो. बंदोबस्तावरचा शिपाई सहा-आठ तास उभा राहतो आणि मग काहीही सूचना नसताना त्याला अर्ध्या मिनिटात पूर्ण वेग गाठावा लागतो. त्याच्या अंगावर हेल्मेट, छातीरक्षक, ढाल आणि लाठी असते आणि पायांत बूट असतात. धाव संपली की त्याचे काम सुरू होते : कोणाला तरी धरायचे असते, उचलायचे असते, किंवा शस्त्र चालवायचे की नाही हे ठरवायचे असते. भरतीच्या परीक्षेला नावे ठेवण्याचे कारण नाही, कारण हजारो उमेदवारांमधून निवड करण्यासाठी ती सोपी आणि मोजण्याजोगी आहे. तिथे मिळालेल्या गुणांवरून प्रशिक्षणाचा भार ठरवणे मात्र चुकीचे होईल.

१६ जानेवारी

आज १२ मिनिटांची धाव घेतली. अमेरिकी हवाई दलातील डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेली ही चाचणी जुनी असली तरी एका मैदानावर, एका शिट्टीवर संपूर्ण तुकडीची दमश्वासाची क्षमता अंदाजता येते, म्हणून ती निवडली. २४०० मीटर अंतर कापणाऱ्याची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता साधारणपणे दर किलो वजनामागे मिनिटाला ४२ मिलिलिटर इतकी धरता येते.

अपेक्षेप्रमाणे तुकडीत मोठी तफावत दिसली. भरतीनंतर निकाल, कागदपत्रे आणि वैद्यकीय तपासणी यांत महिने गेल्यामुळे अनेकांचा सराव तुटलेला आहे, तर काही जण आजही जिल्हा स्पर्धेत उतरावेत इतके तयार आहेत. या सर्वांना एकाच रांगेत, एकाच वेगाने धावायला लावले, तर पुढच्यांना व्यायाम होत नाही आणि मागच्यांना इजा होते. म्हणून धावेपुरते चार गट केले. पलटणीची एकजूट धावेतही दिसली पाहिजे, असा एका ज्येष्ठ निर्देशकांचा आग्रह होता, आणि तो मला रास्त वाटला. शनिवारची शेवटची फेरी सर्व गटांनी एकत्र आणि सर्वांत मंद गटाच्या वेगाने पूर्ण करावी, यावर एकमत झाले.

२० जानेवारी

वैद्यकीय अधिकाऱ्यांबरोबर दीर्घ बैठक झाली. या केंद्रात गडचिरोली, गोंदिया, भंडारा आणि नंदुरबार या जिल्ह्यांतील प्रशिक्षणार्थी मोठ्या संख्येने आहेत, आणि हा सगळा पट्टा सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा आहे. सिकलसेलचा प्रत्यक्ष आजार असलेली व्यक्ती बहुधा इथवर पोहोचत नाही. वाहक व्यक्ती, म्हणजे आई-वडिलांपैकी एकाकडूनच हा दोष मिळालेली व्यक्ती, मात्र पूर्णपणे निरोगी दिसते, धावते, भरती होते आणि अनेकदा आपण वाहक आहोत हे तिला ठाऊकही नसते. अमेरिकी सैन्याच्या रिक्रूटांवरील १९८७ मधील अभ्यासात वाहक रिक्रूटांमध्ये श्रमाच्या वेळी अचानक मृत्यू येण्याचा धोका सुमारे ३० पट आढळला होता. २०१६ मध्ये सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा वाहकांमध्ये मृत्यूचे प्रमाण वाढलेले दिसले नाही, मात्र अतिश्रमाने स्नायू विरघळण्याचा धोका ५४ टक्क्यांनी अधिक दिसला. या दोन अभ्यासांच्या दरम्यान त्या सैन्याने पाणी, विश्रांती आणि हळूहळू वाढणारा भार यांचे नियम सर्वांसाठी सक्तीचे केले होते, हे लक्षात घेतले तर आपल्याला काय करायचे ते स्पष्ट होते.

त्यामुळे चाचणी सर्वांची होईल, अहवाल वैद्यकीय अधिकाऱ्यांकडेच राहील आणि वाहक असल्यामुळे कोणालाही बाह्यवर्गातून वगळले जाणार नाही. निर्देशकांना कोण वाहक आहे हे कळण्याची गरजच पडू नये, इतके सावधगिरीचे नियम सर्वांना लागू राहतील. श्रमानंतर लघवी काळ्या चहासारखी झाली, किंवा गोळा न येताच मांड्या अचानक निकामी झाल्यासारख्या वाटल्या, तर ताबडतोब थांबून सांगायचे, ही सूचना प्रत्येक बॅरेकमध्ये लावली.

याच बैठकीत महिला प्रशिक्षणार्थींच्या हिमोग्लोबिनचा विषय निघाला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक महिलांना रक्तक्षय आहे. रक्तात लोह नसलेल्या मुलीला मनाने कच्ची समजून जास्त पळवणे हा तिच्यावर अन्याय आहे, असे मी बैठकीत स्पष्टपणे मांडले. लोहाच्या गोळ्यांबरोबर मेसमध्ये मोड आलेली उसळ, लिंबू आणि शेंगदाणा-गुळाची चिक्की रोज द्यावी, आणि जेवणानंतर लगेच मिळणारा चहा तासभर पुढे ढकलावा, असे ठरले. चहाचा बदल सर्वांना जड जाईल असे दिसते.

१२ फेब्रुवारी

नडगीच्या दुखण्याच्या तक्रारी अपेक्षित वेळी सुरू झाल्या. नव्या भारामुळे हाड आधी आतून झिजते आणि नंतर नव्याने भरून येते. या दोन क्रियांमधल्या अंतरामुळे प्रशिक्षणाच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास हाड तात्पुरते दुबळे असते. प्रशियाच्या सैन्यातील वैद्य ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ मध्येच लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या पायांचे वर्णन करून ठेवले आहे. ते सूक्ष्म अस्थिभंग होते, हे क्ष-किरणांचा शोध लागल्यावर उलगडले.

आमच्या एकत्रित वहीचा पहिला खरा उपयोग इथे झाला. पीटीचे निर्देशक सांगत होते की त्यांनी धावेचे अंतर वाढवलेले नाही, आणि ते खरे होते. त्याच पंधरवड्यात कवायतीची तासिका मात्र लांबली होती, कारण तुकडी ‘कदम ताल’ (जागच्या जागी पावले आपटणे) आणि ‘थम’ (थांबणे) यांत मागे पडत होती. डांबरी मैदानावर बुटाची टाच जोरात आपटण्याचा प्रत्येक ठोका नडगीच्याच खात्यात जमा होतो. मिनिटाला १२० पावलांच्या ‘तेज चल’मध्ये अर्ध्या तासात ३६०० पावले पडतात. म्हणून कवायत, धाव आणि केंद्राच्या आवारातील दौडत ये-जा या तिन्हींचा भार आता एकाच स्तंभात लिहिला जातो. एक वाढला की त्या आठवड्यात दुसरा कमी करायचा, आणि दर चौथा आठवडा हलका ठेवायचा. टाच आपटण्याचा सराव काही दिवस मुरुमाच्या मैदानावर हलवला आहे. तिथे आवाज घुमत नाही, म्हणून कवायत निर्देशक नाराज आहेत, पण त्यांनी ते मान्य केले.

मुलींच्या बाबतीत आणखी एक कारण आहे, आणि त्याकडे आजवर पुरेसे लक्ष गेलेले नाही. कवायतीचे ठरलेले पाऊल ३० इंचांचे, म्हणजे सुमारे ७६ सेंटिमीटरचे आहे. भरतीसाठी महिलांची किमान उंची १५५ सेंटिमीटर आहे. इतक्या उंचीच्या मुलीने उंच मुलाच्या बरोबरीने ७६ सेंटिमीटरचे पाऊल टाकायचे म्हटले, की प्रत्येक पावलाला कमरेच्या हाडांवर नैसर्गिक चालीपेक्षा अधिक ताण येतो. ऑस्ट्रेलियाच्या सैन्यात १९९० च्या दशकात महिला रिक्रूटांमधील कटिभागाच्या अस्थिभंगांवर उपाय म्हणून कूच करण्याचा वेग कमी केला, सैनिकाला स्वतःच्या पावलाने चालू दिले आणि धाव पसरट रांगेत घेतली, तेव्हा असे भंग जवळजवळ थांबले. दीक्षांत संचलनात पाऊल एकसारखे दिसले पाहिजे, हे मला पूर्ण मान्य आहे. परंतु संचलनापूर्वीच्या कित्येक महिन्यांत रस्त्यावरच्या प्रत्येक कूचमध्ये तेच पाऊल लादण्याची गरज नाही. आजपासून महिला तुकडीचे रस्ता-कूच मोकळ्या पावलाने होईल आणि कमी उंचीच्या मुली पुढे राहतील.

१ मार्च

ताकदीच्या व्यायामाचा भाग सुरू झाला. दंड, बैठका आणि दोर चढणे इथे पूर्वीपासून आहे आणि ते उत्तम आहे, त्यात बदल केलेला नाही. वाळूने भरलेल्या पोत्यांची उचल, खांद्यावर पोते घेऊन चालणे आणि मागे ओढत नेणे एवढीच भर घातली.

२५ मार्च

उन्हाळी वेळापत्रकावर आज निर्णय झाला. या प्रकल्पातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच आहे, असे मी मानतो.

जून २०१४ मध्ये मुंबईतील पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावताना काही उमेदवार दगावले आणि त्यानंतर शिपाई भरतीतील धावेचे अंतर कमी करण्यात आले. ऑगस्ट-सप्टेंबर २०२४ मध्ये झारखंडातील उत्पादन शुल्क शिपाई भरतीच्या १० किलोमीटर धावेत दहाहून अधिक तरुण मरण पावले. या घटनांनंतर बहुतेक चर्चा अंतरावर झाली. अंतराइतकेच किंवा त्याहून अधिक महत्त्व हवामानाला आहे. त्या हवेची शरीराला सवय झाली आहे का आणि कोसळलेल्या माणसाला पहिल्या काही मिनिटांत काय मिळते, यावर अनेकदा जीव जगण्या-मरण्याचा फैसला होतो.

विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो, पण केवळ तापमान पाहून मैदानाचा निर्णय घेणे पुरेसे नाही. घाम वाळला तरच शरीर थंड होते, आणि तो वाळणे हवेतील दमटपणा, वारा आणि थेट ऊन यांवर अवलंबून असते. म्हणून ओल्या फडक्याच्या तापमापीला ७० टक्के, काळ्या गोळ्याच्या तापमापीला २० टक्के आणि साध्या तापमापीला १० टक्के वजन देऊन काढलेला निर्देशांक आम्ही वापरणार आहोत. अमेरिकी सैन्यात हा निर्देशांक सुमारे ३२ अंशांच्या वर गेला की काळे निशाण लागते आणि कठोर शारीरिक प्रशिक्षण थांबवले जाते. आम्हीही मैदानाच्या कडेला रंगीत निशाण लावू. निशाण काळे असेल तर कोणत्याही हुद्द्याच्या अधिकाऱ्याने धाव घेऊ नये, हे वाक्य स्थायी आदेशात जसेच्या तसे यावे, असा आग्रह मी धरला आणि प्राचार्यांनी ते मान्य केले.

उन्हाची सवय होण्यास साधारण १० ते १४ दिवस लागतात. रोज थोडा वेळ, बेताच्या श्रमात उन्हात राहिले, की घाम लवकर सुटू लागतो, त्यातील क्षार कमी होतात आणि नाडी खाली येते. त्यासाठी पंधरवडाभर सायंकाळची एक तासिका मुद्दाम उष्ण वेळेत, पण कमी श्रमाची ठेवली आहे. रजेवरून किंवा आजारातून परतलेल्याने ही सवय पुन्हा पहिल्यापासून करावी लागेल. पाण्याबाबत ‘जितके प्याल तितके चांगले’ ही समजूत धोक्याची आहे, कारण तासाला दीड लिटरहून अधिक साधे पाणी पोटात गेले तर रक्तातील सोडियम घसरून माणूस बेशुद्ध पडू शकतो. तासाला अर्धा ते एक लिटर, आणि लांब तासिकेनंतर मीठ घातलेले ताक किंवा क्षारसंजीवनी, असे प्रमाण ठरवले. पहाटेची पीटी ५ वाजता सुरू होऊन ६.३० ला संपेल. त्यासाठी रात्रीची हजेरी लवकर घेऊन ९.३० ला दिवे मालवायचे, कारण झोप कापून मिळवलेली थंड पहाट उपयोगाची नाही.

२२ एप्रिल

सकाळच्या लांब धावेच्या शेवटी एक प्रशिक्षणार्थी रांग सोडून तिरपा धावू लागला आणि हाक मारल्यावर त्याने भलतेच उत्तर दिले. उन्हात दमलेला माणूस आणि उष्माघात झालेला माणूस यांच्यातील फरक अशा वेळी त्वचा कोरडी आहे की ओली यावरून करू नये, कारण श्रमाने आलेल्या उष्माघातात अंग घामाने निथळत असू शकते. शुद्ध हरपणे, बडबड किंवा चिडचिड, आणि शरीराचे आतले तापमान ४० अंशांच्या वर जाणे, या खुणा महत्त्वाच्या आहेत.

मैदानाच्या कडेला गेल्या महिन्यापासून पाण्याने भरलेला जनावरांच्या हौदासारखा प्लास्टिकचा टब आणि बर्फाची पेटी ठेवलेली होती. निर्देशकाने गाडीची वाट न पाहता त्याला गळ्यापर्यंत त्या टबात बसवले, दोघांनी काखेतून धरून ठेवले आणि पाणी सतत हलवत ठेवले. तापमान ३९ अंशांच्या खाली आल्यावरच त्याला रुग्णालयात हलवले. आधी थंड करा आणि मग हलवा, हा क्रम आम्ही घोटून घेतला होता, कारण पहिल्या अर्ध्या तासात शरीर थंड झाले तर उष्माघाताचा रुग्ण बहुधा पूर्ण बरा होतो. प्रशिक्षणार्थी आता चांगला आहे. त्याला आदल्या रात्री जुलाब झाले होते आणि मागे पडू या भीतीने त्याने ते सांगितले नव्हते. सकाळच्या हजेरीत आजार सांगणाऱ्याला ‘कामचुकार’ म्हणायचे नाही, अशी समज निर्देशकांना देण्यात आली आहे. तो शब्द या मैदानावर फार सहज वापरला जात होता.

२० मे

दुपारचे सर्व तास सावलीत आल्यामुळे शस्त्राच्या कोरड्या सरावाला भरपूर वेळ मिळाला. पकड, नेम धरणे, श्वास आणि घोडा दाबणे यांसाठी एकही गोळी खर्च होत नाही. राज्य सरकारने २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने पोलिसांच्या गोळीबार सरावातील त्रुटी आणि सरावासाठीच्या दारूगोळ्याचा तुटवडा यांकडे लक्ष वेधले होते. त्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी एके-४७ ची नळी स्वतःच्या हातांनी धरून ठेवली, म्हणून एक हल्लेखोर जिवंत हाती लागला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. त्यांचे धैर्य कोणत्याही अभ्यासक्रमात शिकवता येणार नाही. मात्र पुढच्या शिपायाला केवळ धैर्याच्या भरवशावर उभे करू नये, एवढे आपल्या हातात आहे.

इन्सास रायफल भरल्यावर चार किलोहून अधिक वजनाची होते. उभ्या स्थितीत ती स्थिर धरण्यासाठी खांदा आणि पाठ यांची सहनशक्ती लागते, आणि मार्चपासून केलेल्या पोत्यांच्या व्यायामाचा फायदा आता दिसतो. शस्त्र निर्देशकांनी स्वतःहून हे निरीक्षण नोंदवले, याचे मला विशेष समाधान आहे.

२४ जून

पाऊस सुरू झाला. काळ्या मातीच्या बाजूचे मैदान बंद केले आहे, कारण तिथे बूट रुततो आणि गुडघा पिळवटतो.

धाव आणि नेमबाजी यांची पहिली सांगड आज घातली. आधी प्रत्येकाने शांत स्थितीत गोळ्या झाडून आपली मूळ जुळणी, म्हणजे गोळ्यांची छिद्रे एकमेकांच्या किती जवळ पडतात ते, नोंदवली. मग २० मीटरच्या खेपा धावून, पोते ओढून, लगेच गुडघ्यावर बसून तितक्याच गोळ्या झाडल्या. शस्त्र गोळी झाडण्याच्या जागेवरच ठेवलेले होते, धावताना ते कोणाच्याही हातात नव्हते, आणि प्रत्येक नेमबाजामागे एक निर्देशक उभा होता. या नियमाला अपवाद नाही. कागदावरील छिद्रे जवळजवळ सर्वांची पसरली, परंतु पसरण्याच्या पद्धतीत फरक होता. चांगल्या दमश्वासाच्या मुलांची जुळणी पहिल्या दोन-तीन गोळ्यांनंतर सावरली. कमी दमश्वासाच्या मुलांनी धाप लागलेली असतानाच घाईने गोळ्या संपवल्या. नेमबाजीचे कौशल्य दोघांकडे सारखे होते, पण श्वास खाली आणण्यासाठी दोन सेकंद थांबण्याची मुभा ज्याचे शरीर त्याला देत होते, तोच थांबू शकला. जानेवारीत गटवार सुरू केलेल्या धावेचे गोळीबार मैदानावरील मोल मला आज प्रथम स्पष्टपणे मोजता आले.

१५ जुलै

हा भाग मला सर्वांत जवळचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

रबरी रायफली घेऊन निर्णयाचा सराव सुरू केला. धावून आलेल्या प्रशिक्षणार्थीसमोर पुठ्ठ्याची आकृती वळते. तिच्या हातात कधी पिस्तूल असते, कधी मोबाइल, कधी काठी, आणि कधी दोन्ही हात रिकामे व वर केलेले असतात. प्रशिक्षणार्थीने मोठ्याने इशारा द्यायचा, आड घ्यायची आणि मग शस्त्र रोखायचे की खाली ठेवायचे हे ठरवायचे. पहिल्या फेरीत दमलेल्या प्रशिक्षणार्थींपैकी बऱ्याच जणांनी मोबाइलवरही ‘गोळी’ झाडली. विश्रांतीनंतर त्याच मुलांनी तीच आकृती अचूक ओळखली. दमलेल्या अवस्थेत नजरेचा आवाका आकसतो, कान बंद झाल्यासारखे होतात आणि माणूस समोरच्या हालचालीवर, हातात काय आहे ते न पाहता, प्रतिक्रिया देतो. म्हणून ‘चेहरा नको, हात पाहा’ हे निर्देशकांचे वाक्य आता प्रत्येक फेरीत ऐकू येते.

गुणपत्रिकेवर आमच्यात बराच वाद झाला. एका निर्देशकांच्या मते जलद आणि अचूक गोळीला सर्वाधिक गुण असावेत, कारण उशीर करणारा शिपाई स्वतः मरतो. हे म्हणणे खोटे नाही. परंतु पोलीस शिपायाच्या संपूर्ण नोकरीत गोळी न झाडण्याचे प्रसंग झाडण्याच्या प्रसंगांपेक्षा अनेक पटींनी अधिक येतात, आणि चुकीची गोळी मागे घेता येत नाही. भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ स्वसंरक्षणाचा अधिकार देतात आणि त्याच्या मर्यादाही घालतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ नुसार, मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नसलेल्या व्यक्तीचा अटक करताना मृत्यू घडवण्याचा अधिकार पोलिसाला मिळत नाही. ही कलमे आंतरवर्गात पाठ होतात, पण ती धाप लागलेली असताना आठवली पाहिजेत, म्हणून आता प्रत्येक फेरीनंतर प्रशिक्षणार्थी आपल्या निर्णयाचे कारण दोन वाक्यांत सांगतो आणि कायद्याचे निर्देशक मैदानावर उभे राहून ते ऐकतात. अखेर असे ठरले की निःशस्त्र आकृतीवर झाडलेली एकही गोळी त्या फेरीचे सर्व गुण शून्य करेल. योग्य वेळी खाली ठेवलेल्या शस्त्राला अचूक नेमाइतकेच गुण मिळतील.

५ ऑगस्ट

दंगा काबू योजनेचा सराव पूर्ण साहित्यानिशी झाला. ढाल-लाठीची रांग धरून पुढे सरकणे, थांबणे आणि मागे येणे यांत दम टिकतो, पण हुकूम ऐकू न आल्यामुळे रांग तुटते. हेल्मेटमधून आवाज पोहोचत नाही, म्हणून शिट्टी आणि हाताच्या खुणा यांचा वेगळा सराव ठेवला आहे. जमाव पांगवण्याचा हुकूम कोण देऊ शकतो, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ च्या आधारे प्रत्येकाला विचारले. एकट्याने रांग सोडून धावत जाणाऱ्याला आम्ही प्रत्येक वेळी परत बोलावतो, कारण चिडलेला एकटा शिपाई स्वतःसाठीही धोका असतो आणि लोकांसाठीही.

दुपारच्या सत्रात जखमी साथीदाराला आडोशाला ओढून नेणे आणि मांडीच्या वरच्या भागावर रक्तबंध, म्हणजे रक्तस्राव थांबवणारा पट्टा, आवळणे हे जोडीने करून घेतले. मांडीची मोठी रोहिणी फुटली तर माणूस काही मिनिटांत दगावतो, तेवढ्यात रुग्णवाहिका येत नाही. मोटारीचे दार रायफलची गोळी अडवत नाही, इंजिनाचा भाग अडवू शकतो, हेही प्रत्यक्ष गाडीजवळ उभे करून दाखवले. सडपातळ मुली आपल्याहून जड साथीदाराला ओढू शकतील का, अशी शंका सुरुवातीला काहींनी व्यक्त केली होती. खांद्याखालच्या पट्ट्याला धरून, कंबर खाली ठेवून आणि पायांच्या जोरावर मागे सरकण्याचे तंत्र नीट शिकवल्यावर बहुतेक जणींनी ते अंतर पार केले. उरलेल्यांसाठी पोत्याचे वजन पुन्हा टप्प्याने वाढवत आहोत.

२६ ऑगस्ट

एकत्रित चाचणीचा मसुदा आज तिन्ही निर्देशकांच्या सह्यांनी पूर्ण झाला. साहित्यासह खेपा, भिंत ओलांडणे, साथीदार ओढणे, रक्तबंध, आणि त्यानंतर निर्णयाच्या आकृत्या व त्याचे कारण, असा तिचा क्रम आहे. वेळ मोजली जाईल, पण ठरावीक मर्यादेत पोहोचलेल्याला आणखी जलद धावल्याबद्दल जादा गुण मिळणार नाहीत, जेणेकरून शेवटच्या टप्प्यासाठी श्वास राखण्याची सवय लागेल. १२ मिनिटांची धाव वेगळ्या दिवशी पुन्हा घेतली जाईल आणि तिचे अंतर जानेवारीच्या नोंदीशी प्रत्येकाने स्वतः ताडून पाहायचे आहे.

दोन गोष्टी अद्याप सुटलेल्या नाहीत. निर्णयाच्या सरावासाठी वळणाऱ्या आकृत्या हाताने दोरी ओढून चालवाव्या लागतात आणि त्यामुळे प्रशिक्षणार्थी दोरी ओढणाऱ्याच्या हालचालीवरून अंदाज बांधू लागले आहेत. कार्यशाळेतील कर्मचाऱ्यांनी पडद्याआडून चालणारी साधी यंत्रणा करून देण्याचे मान्य केले आहे. दुसरी गोष्ट नेमणुकीनंतरची आहे. पोलीस ठाण्यात गेल्यावर बारा-बारा तासांच्या पाळ्यांत ही तंदुरुस्ती टिकवणे कठीण आहे. त्यासाठी ठाण्याच्या आवारात, साहित्याविना, २० मिनिटांत होईल असा व्यायामाचा तक्ता तयार करून प्रत्येकाच्या सेवापुस्तिकेसोबत पाठवण्याचा प्रस्ताव प्राचार्यांकडे सादर केला आहे. पुढील सत्राचे निर्देशक सोमवारी रुजू होतील, तेव्हा एकत्रित भाराची वही त्यांच्याकडे सोपवून पहिल्या चार आठवड्यांच्या कवायतीचे तास त्यांच्यासोबत बसून ठरवायचे आहेत.